मागची ओळ

१९९७ सालच्या एप्रिल महिन्यातील एका गुरुवारी संध्याकाळी आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात पंधरा-वीस माणसे दोन्ही हात समोर पसरून ओळीने उभी होती. आधी तळहात खाली, मग तळहात वर, मग हात खांद्यांवर, मग मानेमागे. बाहेरून जाणाऱ्या एखाद्याने खिडकीतून डोकावले असते, तर कारखान्याच्या फाटकावर पाळी सुटताना द्यावी लागते तशी झडतीच ही मंडळी देत आहेत, असे त्याला वाटले असते. वस्तुतः आम्ही नाच शिकत होतो. गुरुवार यासाठी की, आमच्या या पट्ट्यातील पुष्कळ कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. रविवारची मिस्सा पाळी सांभाळून करायची आणि घरची कार्ये गुरुवारी उरकायची, ही पिंपरी-चिंचवडच्या ख्रिस्ती संसाराची जुनी रीत आहे.

माझ्या धाकट्या भावाचे लग्न मे महिन्यात ठरले होते. वधू मंगळुरी कुटुंबातील. आम्ही नगर जिल्ह्यातले. दोन्ही घरे कॅथलिक, एकाच वेदीसमोर गुडघे टेकणारी. परंतु लग्नाच्या स्वागतसमारंभाचा विषय निघाला आणि दोन घरांमधले अंतर एकाएकी मोजता येऊ लागले. त्यांच्याकडे लग्न म्हणजे केक, टोस्ट, ग्रँड मार्च, वॉल्ट्झ आणि रात्री उशिरापर्यंत जोडीजोडीने नाच. आमच्याकडे लग्न म्हणजे हळद, मिस्सा, जेवणाच्या पंगती, फार तर भजनी मंडळाची चार पदे. वधूकडील मंडळी नाचणार आणि आमची मंडळी भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसून ते पाहणार, हे चित्र यापूर्वी अनेक लग्नांत मी पाहिलेले होते. त्या खुर्च्यांवर मी स्वतः बसलेली होते. तेव्हा वधूच्या आईनेच सुचवले की, सगळ्यांनी मिळून एक लाइन डान्स करावा. वधूची सोळा वर्षांची मावसबहीण सर्वांना तो शिकवील. नाचाचे नाव होते माकारेना.

हा लेख त्या नाचाविषयी आहे. अशा गोष्टीला इतिहास असतो आणि तो लिहिण्याजोगा असतो, हे मला फार उशिरा कळले.

प्रथम आमची माणसे येथे कशी जमली ते सांगितले पाहिजे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्या दशकात टेल्को, बजाज यांसारख्या कारखान्यांनी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावे पाहता पाहता बदलून टाकली. १९८२ साली येथे महानगरपालिका झाली. या कारखान्यांत गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे व तमिळनाडूचे ख्रिस्ती आले. त्यांपैकी अनेकांना इंग्रजी येत होते आणि त्यामुळे कार्यालयात वा कुशल कामगारांत त्यांना जागा मिळत होती. नगर जिल्ह्यातील श्रीरामपूर, राहुरी, नेवासे, संगमनेर या भागांत येशूसंघीय मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ख्रिस्ती समाज उभा केला होता. तो समाज १९७२ च्या दुष्काळानंतर मोठ्या संख्येने शहराकडे निघाला. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, १९७३ मध्ये एका कारखान्यात हमाल म्हणून लागले आणि पुढे यंत्रावर गेले. चर्चमध्ये सगळ्यांना एकच बाक होता, तरी कोण पुढच्या बाकावर बसते आणि कोण मागच्या, कोणाच्या मिस्सेची वेळ सोयीची आणि कोणाची गैरसोयीची, या गोष्टी न बोलताही ज्याला त्याला कळत होत्या. लग्नाच्या सभागृहात त्या अधिक उघड दिसत.

आता नाचाच्या पायऱ्या. त्या मुलीने आम्हाला शिकवल्या तशाच सांगते. एकूण सोळा मोजण्या. एकला उजवा हात समोर, तळहात जमिनीकडे. दोनला डावा तसाच. तीनला उजवा तळहात वर वळवायचा, चारला डावा. पाचला उजवा हात डाव्या खांद्यावर, सहाला डावा उजव्या खांद्यावर. सात-आठला दोन्ही हात एकामागून एक डोक्यामागे. नऊ-दहाला कंबरेवर, तेही उलट बाजूंना: उजवा हात डावीकडे, डावा उजवीकडे. अकरा-बाराला हात मागे, आपापल्या बाजूला. तेरा, चौदा, पंधरा या तीन मोजण्यांना कंबर हलवायची आणि सोळाव्या मोजणीला लहानशी उडी घेऊन पाव वळण घ्यायचे. पुन्हा एकपासून सुरुवात.

तेरा-चौदा-पंधराची आमच्या बायकांना फार लाज वाटे. माझ्या एका चुलतीने त्या तीन मोजण्यांपुरते स्तब्ध उभे राहण्याचा मार्ग शोधून काढला आणि तो अखेरपर्यंत सोडला नाही. पण खरी अडचण सोळाव्या मोजणीची होती. आम्ही सगळे नवशिके, म्हणून ज्यांना येते ते पुढच्या ओळीत आणि ज्यांना येत नाही ते मागे, अशी व्यवस्था साहजिकच लागली. पुढच्याची पाठ बघायची आणि तो करील ते करायचे. पहिल्या पाव वळणाला सभागृहाची एक बाजू पुढे येते, तेवढे निभावते. दुसऱ्या वळणाला मात्र सगळी पाठमोरी होतात आणि जी मागची ओळ होती ती पुढची होते. तिच्यासमोर कोणाची पाठ नसते, फक्त भिंत असते. पहिल्या संध्याकाळी नाच नेमका तेथे मोडला. आम्ही मागच्या ओळीतल्या आठ-नऊ जणी, समोर काहीच नाही, हात हवेत, आणि मागून येणारा हशा. ती पोरगी धावत आमच्यापुढे आली नाही. ती जागच्या जागी उभी राहून मोडक्या मराठीत ओरडली, “आंटी, तुम्ही बघू नका, तुम्ही मोजा!”

मोजणे आम्हाला येत होते. त्यातही माझ्या आईला ते सर्वांत आधी जमले, याचे कारण तिने मला घरी जाताना सांगितले. नगरकडच्या बोर्डिंगात असताना सिस्टरांनी मुलींना लेझीम शिकवली होती. मिशनच्या पटांगणावर रांगा धरायच्या, मोजण्यांवर पाऊल टाकायचे, वाकायचे, उठायचे, वळायचे. “हा नाच न्हाई गं,” आई म्हणाली, “ही तर कवायत हाय.” माझी आई काही नृत्याची जाणकार नव्हती, परंतु ते वाक्य माझ्या मनात राहिले आणि पुढे जे काही वाचनात आले त्याने ते खोटे ठरवले नाही.

कारण रांगेचा नाच जोडीच्या नाचापेक्षा जुना आहे. लंडनच्या जॉन प्लेफर्ड या प्रकाशकाने १६५१ साली इंग्रजी लोकनृत्यांची जी पुस्तिका छापली, तीत शंभराहून अधिक नाच आहेत आणि त्यांपैकी अनेकांच्या माथ्यावर, जितके येतील तितक्यांनी लांब रांगा कराव्यात, अशा अर्थाचा शेरा आहे. हे नाच फ्रान्सच्या दरबारात गेले, तेथून युरोपभर पसरले आणि पोर्तुगीजांत कोन्त्रादान्स या नावाने रूढ झाले. गोव्यात एकोणिसाव्या शतकात सासष्टीच्या मोठ्या घरांतून मांडो हा जो प्रकार आकाराला आला, त्याची ठेवण याच नाचांची: पुरुषांची एक ओळ, स्त्रियांची एक ओळ, हातांत पंखा वा रुमाल, एकमेकांकडे यायचे, ओलांडून जायचे, पण स्पर्श करायचा नाही. त्याच शतकाच्या आरंभी युरोपात वॉल्ट्झने रांगा मोडून जोड्या केल्या होत्या. पुरुषाने स्त्रीच्या कंबरेला हात घालून गोल फिरायचे, ही गोष्ट त्या काळी मोठ्या निंदेचा विषय झाली; धर्मपीठांवरूनही तिचा निषेध झाला. पुढे तीच प्रतिष्ठित ठरली आणि गोवेकरांच्या, मंगळुरींच्या लग्नांत स्थिर झाली. आमच्या नगरकडच्या बायका ज्या खुर्च्यांवर बसून राहत, त्या खुर्च्या एका अर्थी वॉल्ट्झने मांडल्या होत्या. जोडीच्या नाचाला जोडीदार लागतो. विधवा, अविवाहित थोरली बहीण, नवरा रात्रपाळीवर गेलेली बाई आणि परपुरुषाच्या हातात हात देणे जिला जन्मभर जमणार नाही अशी आजी, या सर्वांना त्या नाचात जागा नाही.

रांग परत आणली ती अमेरिकेने. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ओहायो राज्यातील कोलंबस शहरात कृष्णवर्णीय तरुणांमध्ये मॅडिसन नावाचा ओळीचा नाच निघाला; पुढे डिस्कोच्या काळात आणि १९९२ नंतर ग्रामीण धाटणीच्या गाण्यांवर असे नाच शेकड्यांनी झाले. त्या तपशिलात फार शिरण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या ख्रिस्ती लग्नांत त्या जातीचा पहिला मोठा पाहुणा आला तो मात्र युरोपातून, बर्डी डान्स. दावोस येथील वेर्नर थॉमस या स्विस अकॉर्डियनवादकाने १९५० च्या दशकात बदकांवरून रचलेली ती धून १९८१ मध्ये इंग्लंडात बर्डी साँग म्हणून गाजली. चार वेळा चोच, चार वेळा पंख, चार वेळा शेपूट, चार टाळ्या. लहान मुले आणि आजोबा दोघांनाही जमेल असा. नगर जिल्ह्यात अनेक स्विस येशूसंघीय धर्मगुरूंनी हयात घालवली. त्यांच्यापैकी कोणी ती धून ऐकून ओळखीचे हसले असेल काय, असा एक खोडकर विचार माझ्या मनात येतो.

माकारेनाची हकिकत याहून चमत्कारिक आहे. अंतोनिओ रोमेरो आणि राफाएल रुईस हे दोन स्पॅनिश गायक, सेव्हिल शहराजवळच्या दोस हेर्मानास गावचे. लोस देल रीओ या नावाने ते १९६० च्या दशकापासून गात होते. १९९२ साली व्हेनेझुएलात एका मेजवानीत एका फ्लामेंको नर्तकीचा नाच पाहून रोमेरो यांना गाण्याची ओळ सुचली. १९९३ मध्ये ते गाणे ध्वनिमुद्रित झाले. पुढे मायामी येथील काही मंडळींनी त्याला नवा ठेका व इंग्रजी कडवी जोडली आणि १९९६ मध्ये ते अमेरिकेच्या यादीत सलग चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. गाणाऱ्यांचे वय तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. हातांच्या सोप्या हालचाली चित्रफितीसाठी मिया फ्राय या नृत्यदिग्दर्शिकेने बसवल्या. आपल्याकडे १९९१ नंतर घरोघर आलेल्या केबल टीव्हीवरून आणि कॅसेटींवरून तो नाच वर्षाच्या आत पिंपरीपर्यंत पोहोचला. आमच्या सरावाची कॅसेट इतक्या वेळा मागे फिरवली गेली की तिची फीत दोनदा टेपरेकॉर्डरमध्ये अडकली आणि पेन्सिलीने ती गुंडाळण्याचे काम भावी नवरदेवाकडे आले.

गाण्याचा आशय, खरे सांगायचे तर, धर्मग्रामाच्या सभागृहाला शोभणारा नाही. सैन्यात दाखल होणाऱ्या प्रियकराच्या पाठीमागे त्याच्याच मित्रांबरोबर मौज करणाऱ्या मुलीविषयी ते आहे. आमच्यापैकी कोणालाही स्पॅनिश येत नव्हते, एवढेच आमचे पुण्य. परंतु नाव? माकारेना हा सेव्हिल शहराचा एक जुना भाग आहे आणि तेथील बॅसिलिकेत आशेच्या मातेची, पवित्र मरीयेची, सतराव्या शतकातील लाकडी मूर्ती आहे. तिच्या गालांवर काचेचे अश्रू आहेत. उत्तम शुक्रवारच्या पहाटे तिची मिरवणूक निघते तेव्हा सारे सेव्हिल रस्त्यावर असते. तेथील कित्येक मुलींना तिचे नाव ठेवतात. रोमेरो यांच्या कन्येचेही नाव तेच, एस्पेरांसा माकारेना. गाण्यातील मुलीचे नाव प्रथम माग्दालेना होते, ते बदलून लेकीच्या नावावरून माकारेना केले असे सांगतात. हारेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला दरवर्षी न चुकता जाणारी माझी आई एप्रिलभर ज्या नावावर हात हलवीत होती ते मरीयामातेच्या एका तीर्थस्थानाचे होते, हे तिला सांगितले असते तर ती तेरा-चौदा-पंधराला अधिक लाजली असती की कमी, मला सांगता येत नाही. मला स्वतःला हे कळेपर्यंत बरीच वर्षे गेली होती.

त्याच सेव्हिलच्या कॅथेड्रलमध्ये आणखी एक नाच आहे. ख्रिस्तशरीराच्या सणाला, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाला आणि प्रायश्चित्तकाळापूर्वीच्या तीन दिवसांत दहा मुले जुन्या काळच्या पोशाखात, एका सणाला तांबड्या तर दुसऱ्याला निळ्या, मुख्य वेदीसमोर, परमपवित्र साक्रामेंताच्या सान्निध्यात, दोन ओळींनी नाचतात व गातात. त्यांना सेइसेस म्हणतात. शब्दाचा अर्थ सहा, मुले दहा. शतकानुशतकांच्या प्रथेत असे होतेच. ख्रिस्तसभेने नाचाला सदैव दाराबाहेर ठेवले, असे जे आपल्याकडे बोलले जाते ते म्हणूनच अर्धसत्य आहे. समुद्रातून पार झाल्यावर मिर्यामने डफ घेतला आणि स्त्रिया तिच्यामागे नाचत निघाल्या. कराराच्या कोशापुढे दावीद राजा बेभान नाचला आणि खिडकीतून पाहणाऱ्या मीखलने मनात त्याचा तिरस्कार केला. अर्ध्या सत्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १७३६ साली गोव्यात इन्क्विझिशनने जो हुकूम काढला त्यात ख्रिस्ती लग्नांतील देशी वाद्ये, लग्नगीते, वधूवरांना हळद-तेल लावणे अशा कितीतरी चालींवर बंदी घातली होती. बंदी येऊनही रोस टिकला, आमच्याकडे हळद टिकली. भावाच्या लग्नात आदल्या दिवशी त्यांच्या घरी नारळाच्या रसाने अंघोळ आणि आमच्या घरी हळद झाली, तेव्हा दोन्हीकडच्या म्हाताऱ्या बायकांना एकमेकींची कृती न समजावता समजली.

आता दादांविषयी लिहिले पाहिजे. ते सरावाला आले नाहीत. त्यांना नाच आवडत नव्हता असे नाही. ताल तर त्यांच्या बोटांत होता. जेवणाच्या ताटाच्या काठावर ते नकळत ठेका धरीत आणि कोणी पाहिले की थांबत. एका रात्री मी त्यांना आग्रह केला, तेव्हा ते म्हणाले, “आपण लोकांच्या वरातीपुढं लई वाजवलं, पोरी. आता बसून बघू दे.” त्यांच्या आजोबांच्या पिढीला गावच्या लग्नात हलगी वाजवावी लागे. तो कलेचा मान नव्हता. ते जातीने लादलेले काम होते. वाजवणाऱ्याने मांडवाबाहेर बसायचे, सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेले घ्यायचे, वरातीपुढे नाचायला सांगितले तर नाचायचे. ख्रिस्ती झाल्यावर आमच्या घराने प्रथम कोणती गोष्ट टाकली असेल तर ती हलगी. मिशनऱ्यांनी हिंदू वाद्यांविषयी काय सांगितले हा भाग निराळा; आमच्या पूर्वजांना सोडायला त्याहून सबळ कारण होते. लग्नात खुर्चीवर बसून दुसऱ्याचा नाच पाहणे हे माझ्या लेखी आमचे मागासलेपण होते. दादांच्या लेखी ती तीन पिढ्यांनी मिळवलेली जागा होती. हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते आणि मी विचारलेही नव्हते. इंग्रजी नाच न येणारे आपण अडाणी, एवढ्यावरच माझा विचार थांबला होता.

लग्नाच्या दिवशी ग्रँड मार्च झाला, वॉल्ट्झ झाला, जाइव्ह झाला. आमच्या खुर्च्या भरलेल्या. मग टोस्टमास्तरने माकारेना पुकारला आणि आमच्या बाजूच्या दोन रांगा खुर्च्या एकदम रिकाम्या झाल्या. वधूकडील मंडळी थबकून पाहत राहिली, असे नंतर वहिनी सांगे. त्या गाण्याचा एक गुण तेव्हा माझ्या ध्यानात आला. जाइव्हच्या गाण्यांचे शब्द त्यांना येत आणि आम्हाला येत नसत. या गाण्याचे शब्द कोणालाच येत नव्हते. कोकणी, मराठी, इंग्रजी, मल्याळम बोलणारे सगळेच त्या स्पॅनिशपुढे सारखे निरक्षर होते. मोजता येणे एवढीच पात्रता. पुढे शिकागोच्या एका डीजेचा चा चा स्लाइड नावाचा नाच आला. त्यात गायकच इंग्रजीत पायऱ्या सांगत जातो, डावीकडे सरका, उजवीकडे सरका. वास्तविक तो सर्वांत सोपा असायला हवा. पण आमच्या वडीलधाऱ्यांना तो कधीच आवडला नाही. हुकूम ज्या भाषेत येतो ती भाषा ज्याला येत नाही, तो सोप्या नाचातही एक मोजणी मागे राहतो.

दादा दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. आई त्यांच्यापासून फार दूर जायला नको म्हणून अगदी मागच्या ओळीत उभी राहिली, पदर खोचून, त्यांच्याकडे पाठ करून. पहिले वळण झाले. दुसरे वळण झाले आणि सगळी रांगच्या रांग दाराकडे तोंड करून उभी राहिली. आई सर्वांच्या पुढे आणि तिच्यासमोर हातभर अंतरावर दादा. तिच्यापुढे कोणाचीही पाठ नव्हती. तिने एकदा दादांकडे पाहिले, मग नजर त्यांच्या डोक्यावरून भिंतीकडे नेली आणि ओठांतल्या ओठांत मोजत हात पुढे केले. एक, दोन, तीन, चार. सोळा मोजण्यांपर्यंत ती चुकली नाही. छायाचित्रकाराने नेमके तेव्हा चित्र घेतले. अल्बममध्ये ते आहे. त्यात दादांची पाठ तेवढी दिसते. चित्रात न आलेली गोष्ट मी सांगते. दादांनी आपली खुर्ची दोन्ही हातांनी उचलून थोडी मागे घेतली, आईला उडी घ्यायला जागा व्हावी म्हणून. नाचले ते अखेरपर्यंत नाहीत. २०११ मध्ये ते वारले.

त्यानंतर असे नाच येत राहिले आणि जात राहिले. त्यांतला एकच येथे सांगते. २०२० सालच्या साथीत, चर्च बंद, सभागृह बंद, लग्ने पंचवीस-पन्नास माणसांत, तेव्हा आमच्या इमारतीच्या गच्चीवर मुले अंतर राखून ओळी करून नाचू लागली. गाणे होते जेरुसलेमा. दक्षिण आफ्रिकेच्या मास्टर केजी याने २०१९ मध्ये नोम्सेबो झिकोदे हिच्या आवाजात ते केले. २०२० च्या फेब्रुवारीत अंगोलातील काही तरुणांनी जेवणाच्या ताटल्या हातात घेऊन त्यावर नाच केला आणि त्याची फीत जगभर गेली. इस्पितळांतले डॉक्टर, परिचारिका, मठांतल्या धर्मभगिनी, फादर, सगळे ते पाऊल टाकताना दिसू लागले. त्या वर्षी २४ सप्टेंबरच्या वारसादिनी तेथील राष्ट्राध्यक्षांनी सर्व देशाला त्यात सामील होण्याचे आवाहन केले. यातले शब्दही आम्हाला कळत नव्हते, झुलू भाषेतले. पण या वेळी आशय लाजण्याजोगा नव्हता. जेरुसलेम हेच माझे घर, मला तेथे घेऊन चल, अशी ती विनवणी आहे. हाही पाव वळणाचा नाच. पायऱ्या माकारेनाहून अवघड, सारे काम पायांचे. माझी आई तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेली. तिचे गुडघे गेले होते. तिने खुर्ची मागवून घेतली आणि बसल्या बसल्या बोटांवर मोजून मुलांच्या चुका काढल्या.

आणि हलगी? तीही परत आली आहे, आणि आणली ती आमच्याच मुलांनी. त्या लग्नातून झालेला माझा भाचा आज चाकणला मोटारींच्या कारखान्यात अभियंता आहे. कांद्याचा बाजार आणि संग्रामदुर्ग यांसाठी ओळखले जाणारे चाकण १९९९ नंतर मोटारींचे गाव झाले, तशी लग्नेही धर्मग्रामाच्या सभागृहातून मोशी-चाकण रस्त्याच्या लॉन्सवर गेली. २०२४ च्या जानेवारीत त्याचे लग्न झाले. केक होता, टोस्ट होता, डीजे होता, आणि चर्चमधून लॉनवर येताना प्रवेशद्वारापाशी चार हलगीवाले होते. भाच्याने स्वतः ठरवून आणलेले. त्याचे कोकणी मावसभाऊ, मराठी चुलतभाऊ, केरळी सहकारी अर्धा तास त्या कडकडाटावर नाचले. मी काही बोलले नाही. दादा असते तर काय म्हणाले असते, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि त्याला उत्तर आले नाही.

आईला चाकांच्या खुर्चीतून आणले होते. ती हलगीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने भाच्याला जवळ बोलावले आणि जेवण कधी सुरू होणार ते विचारले. अजून टोस्ट व्हायचा आहे, नाच व्हायचा आहे, असे तो म्हणाला. “व्हऊ दे,” ती म्हणाली, “पर आधी त्या चौघांना आत घे. टेबलाशी बसव. आन् तू सोता वाढ.” भाच्याने कोट काढून माझ्या हातात दिला आणि तो वाढायला गेला.